खूणगाठ

दिवसभर मी दुसऱ्यांच्या कागदांवर
'गोपनीय' असा शिक्का मारतो.
व्हॉल्व्हचे नकाशे, पंपांच्या तक्रारी,
कुणाचं बिल कुणी अडवलं त्याचा पत्रव्यवहार.
नऊ वर्षं झाली. अंगठ्याची जांभळी शाई आता निघत नाही.

संध्याकाळी फहाहीलच्या खोलीत
माझीच पत्रं उघडी.
हर्षालीला लिहिलं, गुडघा दुखतो,
तर सकाळी पानाच्या कडेला
गुडघ्याचे पट्टे, गुडघ्याची तेलं
आणि एक हसरा हाडांचा डॉक्टर.
मी फक्त बायकोला सांगितलं होतं.

खालच्या बंकवरून सजीवन म्हणाला, बूट न काढता,
त्याच्या मोडक्या हिंदीत:
फुकट जेवू घालणारा वाढताना तुझा खिसा बघतो.

तीन शुक्रवार मी टपालवाले पारखले,
कलिंगड घ्यावं तसे, टिचकी मारून.
एकाची यंत्रं म्हणे थंड देशात, डोंगराच्या पोटात.
एकाला महिन्याला दीड दिनार हवा,
म्हणजे तीन शावरमा.
त्याची अट मी दोनदा वाचली:
परवलीचा शब्द विसरलात
तर तुमची पत्रं आम्हालाही उघडता येणार नाहीत.
कुणीतरी पहिल्यांदाच सांगत होतं
की आपल्या हातात काही नाही,
आणि मला धीर आला.

मग पत्रं वाचायला वेगळं खोकं उतरवलं,
करडं, कचेरीतल्या कपाटासारखं कुरूप.
पण ते परकी चित्रं दारातच अडवतं.
त्यांत मोहरीहून बारीक ठिपका असतो म्हणे,
तुम्ही पत्र किती वाजता उघडलंत
ते मागच्या मागे जाऊन सांगणारा.

वडील इथेच होते, अहमदीला, पाइपच्या कामावर.
त्यांची पत्रं लिहायचे दलवाई फोरमन,
घरी वाचून दाखवायचा पोस्टमन.
दोन माणसांतून गाळून
आईपर्यंत ड्राफ्टचा आकडा तेवढा पोचायचा.

हर्षालीने पत्ता बदलला नाही.
"शाळेचं सगळं जुन्यावर येतं. तू बस कुलपं लावत."
त्यावरही उपाय होता:
पत्राबरोबर एक प्रश्न पाठवा,
उत्तर तुम्हा दोघांनाच ठाऊक असेल असा.

रात्रीचे अकरा. खिडकीत रिफायनरीची ज्योत.
मुलीचं नाव? अख्ख्या देवरुखला माहीत.
लग्नाची तारीख? पत्रिकेवर छापलेली.
नऊ वर्षं, वर्षाला तीस दिवस रजा,
दोनशे सत्तर.
त्यातले निम्मे पाहुण्यांचे.
प्रश्न सापडेपर्यंत सजीवन घोरायला लागला होता.

शेवटी लिहिलं:
आपण पहिल्यांदा कशावरून हसलो?
उत्तर ठेवलं, फणस.
संगमेश्वरच्या एसटीत, आपल्या दोघांच्या मध्ये ठेवलेला,
कंडक्टरने ज्याचं अर्धं तिकीट मागितलं तो.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन, बिनकुलपाचा.
"तीनदा टाकलं. उघडत नाही."
काय टाकलंस?
"चप्पल."
चप्पल?
"आत्याकडून दुसऱ्याची घालून आलास ती. एक काळी, एक तपकिरी."
मला आठवेना.
तिला फणस आठवत नव्हता.
म्हटलं, सांगू उत्तर?
"नको. मला आठवू दे."

ते पत्र अठ्ठावीस दिवसांनी आपोआप पुसलं जातं.
आज सहावा.
रोज रात्री ती फोनवर सांगते, आज काय टाकून पाहिलं:
टॉर्च. मामांचं धोतर.
साखर समजून चहात घातलेलं मीठ.
सगळे शब्द चुकीचे,
आणि त्यातला एकही मला ठाऊक नव्हता.

पत्रात तसं काही नाही.
गुडघा आता बरा आहे, एवढंच.